कॅलेंडर सीआरएमला जोडण्याआधी मालक ठरवा

कॅलेंडर सीआरएमला (ग्राहक आणि विक्रीची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडून द्या, अशी मागणी आली की मी सेटिंग उघडत नाही. आधी सेल्सवाल्यांना विचारते: मीटिंगची वेळ दोन्हीकडे वेगळी दिसली तर खरी कोणती धरायची? बहुतेकदा दोन माणसं दोन उत्तरं देतात. तो वाद तिथेच मिटवून घ्यावा, नाहीतर पुढे त्याचं खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. माझा नेहमीचा निवाडा असा: वेळ, जागा, कोण येणार हे कॅलेंडर सांगेल, ग्राहक कोण, भेट कुठल्या डीलची, काय ठरलं हे सीआरएम. एका फील्डला एकच मालक.

मग रस्ता निवडायचा. एक्सचेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टची मेल-कॅलेंडर प्रणाली, स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर ईडब्ल्यूएस हा तिचा जुना एपीआय (सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायची सोय) चालतो. एक्सचेंज ऑनलाइनसाठी, म्हणजे तिच्या क्लाउडवरच्या आवृत्तीसाठी, मात्र नवं काम त्यावर सुरू करू नका. ऑक्टोबर २०२६ पासून तो तिथे बंद करत नेण्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय. तिथे मायक्रोसॉफ्टचाच नवा ग्राफ एपीआय घ्या. गूगलचा स्वतःचा कॅलेंडर एपीआय आहे, आणि बाकीच्या बऱ्याच मेल सर्व्हरना कॅलडॅव्ह हे कॅलेंडरसाठीचं खुलं मानक येतं. सीआरएमचा तयार कनेक्टर (जोडणी करून देणारा भाग) असेल तर उत्तम, पण तो आतून यांतलं काय वापरतो ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

परवानगीकडे नीट बघा. ग्राफमध्ये अ‍ॅप्लिकेशन म्हणून, म्हणजे कुणा एका माणसाच्या वतीने नव्हे, कॅलेंडर वाचण्या-लिहिण्याची परवानगी दिली की ती सगळ्या मेलबॉक्सना लागते, संचालकांच्या आणि एचआरच्यासुद्धा. एक्सचेंजमधल्या ‘आरबीएसी फॉर अ‍ॅप्लिकेशन्स’ने (भूमिकेनुसार परवानगी देण्याच्या सोयीने) ती सेल्सपुरती बांधता येते, मात्र एंट्रामधली (मायक्रोसॉफ्टच्या ओळख-परवानगी प्रणालीतली) सरसकट परवानगी काढायला विसरू नका, कारण दोन्हींची बेरीज होते. ‘प्रायव्हेट’ म्हणून ठेवलेल्या नोंदींचा विषय सीआरएममध्ये आणायचाच नाही, फक्त ‘व्यस्त’ एवढं पुरे.

सुरुवात एकतर्फी करा: कॅलेंडरकडून सीआरएमकडे. उलटी दिशा नंतर, तीही टेस्ट मेलबॉक्सवर. ग्राफमधून इव्हेंट तयार करताना त्यात पाहुण्यांचे पत्ते असले की निमंत्रणं लगेच जातात. चाचणीच्या डेटात खऱ्या ग्राहकांचे ईमेल असतील तर पुढचं काय ते तुम्हीच बघा.

दुतर्फी सिंक सुरू झालं की खरी डोकेदुखी. सीआरएमने लिहिलेला बदल सर्व्हर ‘नवा बदल’ म्हणून परत कळवतो, सीआरएम तो पुन्हा लिहितं, आणि ये रे माझ्या मागल्या. त्यामुळे सीआरएमचा रेकॉर्ड क्रमांक इव्हेंटच्या एक्स्टेंडेड प्रॉपर्टीत (स्वतःची जादा माहिती ठेवायच्या जागेत) ठेवा, आणि आलेली माहिती आधीचीच असेल तर काहीही लिहू नका. एकाच मीटिंगला तीन सेल्सवाले असले तर तीन रेकॉर्ड होतात. ते टाळायला साध्या आयडीऐवजी आयकॅल यूआयडीवर (मीटिंगच्या सामायिक ओळख क्रमांकावर) जुळवा, कारण तो सगळ्यांच्या कॅलेंडरात सारखा असतो. कॅलडॅव्हमध्ये दर आठवड्याच्या मीटिंगच्या सगळ्या भेटींचा यूआयडी एकच असतो, म्हणून सोबत रिकरन्स-आयडीही, म्हणजे त्यातली भेट कोणती ते सांगणारी खूण, बघावा लागतो.

वेळेच्या बाबतीत हयगय नको. एक्सचेंज ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ म्हणतं, इतर प्रणाली ‘एशिया/कोलकाता’. दोन्ही नावांची जुळणी करणारा तक्ता युनिकोडच्या सीएलडीआर या माहितीसंचात तयार मिळतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या मीटिंगा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलून साठवू नका. जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात, तिथे त्या तासाने सरकतील. पूर्ण दिवसाची नोंद तर नुसती तारीख म्हणूनच ठेवा, नाहीतर कुणाला तरी ती आदल्या दिवशी दिसते.

ग्राफची सूचना-नोंदणी (बदल झाला की कळवा, अशी नोंदणी) मुदतीची असते, इव्हेंटसाठी जास्तीत जास्त आठवड्याच्या आतली. ती आपोआप नूतनीकरण करणारा जॉब लावा, आणि सुटलेले बदल पकडायला रात्री एक डेल्टा क्वेरी, म्हणजे मागच्या वेळेपासून काय बदललं एवढंच विचारणारी. गूगलचा सिंक टोकन (मागचं सिंक कुठपर्यंत झालं त्याची खूण) बाद झाला की ४१० हा एरर कोड येतो. तेव्हा पहिल्यापासून सगळं ओढण्याची सोय कोडमध्ये आधीच हवी.

आणि कॅलेंडरातून मीटिंग डिलीट झाली तर सीआरएममधला रेकॉर्ड पुसू नका, ‘रद्द’ करा. तिथे लिहिलेल्या नोंदी सेल्सला लागतात.