मुंबईच्या उकाड्यात ब्रॉयलर: आधी गार पाणी, मग आवळा

पनवेल, कर्जत, मुरबाड, शहापूर, वाडा या पट्ट्यात ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांची, शेड असणाऱ्यांनी मार्च ते मेमधल्या बॅचची तयारी पिल्लं उतरण्याआधीच करावी. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडचे वारे रेंगाळले आणि खारं वारं दुपारी उशिरा आलं, की पारा एकदम चढतो. खारं वारं आलं की पारा उतरतो, पण दमटपणा वाढतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकत ती अंगातली उष्णता वाफेवाटे बाहेर सोडते, आणि हवाच दमट असली तर ती वाफ नीट सुटत नाही. विदर्भातल्या कोरड्या हवेत फॉगर (पाण्याचं बारीक धुकं फवारणारं यंत्र) उत्तम चालतो म्हणून इथेही दिवसभर चालू ठेवला, तर शेडमधला दमटपणा वाढून त्रास उलट वाढतो. आपल्याकडे पंख्याचा वारा आणि छपरावर चुन्याचा हात जास्त उपयोगी पडतो.

आवळा, हळद, शेवगा असं देशी पूरक जरूर द्या. पण टाकीतलं पाणी तापलेलं असेल तर त्यातलं काहीच लागू पडणार नाही. गरम पाणी कोंबडी पीत नाही. 1000 मोठ्या पक्ष्यांना एरवी दिवसाला 250 ते 300 लिटर पाणी लागत असेल, तर कडक उन्हाळ्यात दीड-दोनपट धरून चाला. टाकी सावलीत हवी, पाइपवर ओलं गोणपाट हवं, आणि भर दुपारी टाकीत बर्फाची लादी सोडता आली तर फारच चांगलं. निपलची (पक्षी चोच लावून पाणी पितात त्या तोट्यांची) लाइन दुपारी दोन-तीनदा सोडून आतलं तापलेलं पाणी काढून टाका.

लिंबाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. बादलीत चार लिंबं पिळली म्हणजे क जीवनसत्त्व मिळालं, असा आपल्याकडे समज आहे. 100 मिली लिंबाच्या रसात ते साधारण 30 ते 40 मिलिग्रॅमच असतं, आणि पाण्यात मिसळल्यावर पक्ष्याच्या वाट्याला नावापुरतं उरतं. उन्हाच्या ताणात दर किलो खाद्यामागे 200 ते 250 मिलिग्रॅम द्यावं लागतं. एरवी कोंबडी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते, पण उकाड्यात ते पुरत नाही. आवळ्यात ते लिंबाच्या कितीतरी पट असतं. उन्हाळ्यात ताजा आवळा नसतो, म्हणून आवळकाठी (वाळवलेला आवळा) आणून बारीक दळा. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये ती घाऊक मिळते. दर किलो खाद्याला 5 ग्रॅम पूड पुरे. पाचव्या आठवड्यातले 1000 पक्षी दिवसाला 150 किलो खात असतील, तर पाऊण किलो पूड लागेल.

हळदही दर किलोला 5 ग्रॅमपर्यंत चालते. हळकुंडं आणून घरीच दळा, सुट्ट्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून दर किलोला 10 ग्रॅमच्या आत ठेवा. त्यात तंतू जास्त असतात, अति झालं तर वजन मागे पडतं. या पुडी पाण्यात कधीच घालू नका, निपल तुंबतात. गूळपाण्याचंही तसंच: ते हातड्रिंकरमध्ये (हाताने भरायच्या पाण्याच्या भांड्यात) तास-दोन तास ठेवा आणि ड्रिंकर लगेच घासून घ्या, नाहीतर त्यात बुरशी धरते.

कंपनीच्या करारावर पिल्लं असतील तर खाद्यात परस्पर काही मिसळू नका, सुपरवायझरला विचारून मगच करा. अशा शेडवर पाण्याचाच मार्ग उरतो. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि ते सावरताना शरीरातले क्षारही बाहेर पडतात. म्हणून पोटॅशियम असलेलं तयार इलेक्ट्रोलाइट दुपारच्या पाण्यात द्या, प्रमाण पाकिटावरचंच ठेवा. खायचा सोडा द्यायचा तर लिटरला 1 ग्रॅम, तोही सकाळी, धापा लागण्याआधी. धापा सुरू झाल्यावर सोडा दिला तर रक्तातला अल्क आणखी वाढतो. सोडा आणि लिंबू एकाच टाकीत घालू नका, फेस येऊन दोन्ही वाया जातात. क जीवनसत्त्वाच्या पाण्यात क्लोरीनही नको.

खाद्याची वेळ सांभाळलीत तर निम्मी लढाई जिंकलात. खाल्ल्यानंतर चार-सहा तासांनी पचनाची उष्णता सर्वांत जास्त असते. म्हणून पहाटे भरपूर खाऊ घाला, सकाळी 10 च्या सुमारास फीडर वर उचला आणि संध्याकाळी 5 नंतर उतरवा. पाणी मात्र क्षणभरही तोडू नका. चौथ्या आठवड्यानंतरच्या जड पक्ष्यांत हे कसोशीने पाळा, उकाड्यातली मरतुक बहुतेक त्यांच्यातच होते. जमिनीवरच्या तुसाचा थर दोन इंचांवर नको आणि शेडमध्ये पक्षी हिवाळ्यापेक्षा दहा टक्के कमी भरा. लिफ्टिंग, म्हणजे विक्रीसाठी पक्षी उचलणं, रात्रीच करा, क्रेटमध्ये नेहमीपेक्षा कमी पक्षी घाला.

एवढं करूनही मरतुक थांबत नसेल, तर ती उन्हानेच होतेय असं गृहीत धरू नका. राणीखेत या विषाणूजन्य रोगातही पक्षी चोच उघडून श्वास घेतो. ताजा मेलेला पक्षी त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन शवविच्छेदन करून घ्या, आणि कोणतं पूरक किती दिवस दिलंत ते डॉक्टरांना सांगा.