लिथियम फ्लोराइडवरून हेलियमचं विवर्तन: मोजायचं कसं, वाचायचं कसं

१९३० साली हॅम्बर्गमध्ये एस्टरमान आणि श्टेर्न यांनी अणूंचं विवर्तन, म्हणजे तरंगांसारखं ठरावीक कोनांना विखुरणं, दाखवलं ते याच स्फटिकावर. हात बसवायला आजही लिथियम फ्लोराइडचा (००१) पृष्ठभागच घ्यावा (कंसातले आकडे स्फटिकाचं प्रतल सांगतात). तांब्याच्या (१११) सारख्या दाट, सपाट धातूवर शिखरं (ज्या कोनांना जास्त अणू येतात ते आलेखातले उंचवटे) इतकी पुसट येतात की यंत्रच बिघडलंय असं वाटू लागतं.

स्फटिक चिरेच्या दिशेनं ब्लेड ठेवून एका टोल्यात फोडा, लगेच निर्वात कक्षात बसवा आणि सुमारे ४०० अंश सेल्सिअसला काही तास तापवून पाणी काढा. तापमान सावकाश वाढवा आणि सावकाशच उतरवा, घाई केली तर तडा जातो. इलेक्ट्रॉनचा झोत मात्र त्यावर टाकू नका: त्यानं फ्लोरिन निघून जातो, पृष्ठभागात दोष पडतात. हेलियम असलं काही करत नाही.

हेलियमच्या झोतासाठी १० मायक्रॉनचं नॉझल (वायू सोडणारं बारीक छिद्र) आणि दहाच्या काही पट बार दाब पुरतो. नॉझलआधी बारीक धातूची गाळणी हवीच, धुळीचा एक कण छिद्र बुजवतो. नॉझल ३०० केल्विनला असेल तर ऊर्जा सुमारे ६५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि तरंगलांबी ०.५६५ अँगस्ट्रॉम. द्रव नायट्रोजननं ७७ केल्विनला आणलं की तरंगलांबी १.११. त्याच दाबावर तेव्हा जवळजवळ दुप्पट वायू बाहेर पडतो, म्हणून दाब कमी करा. नाहीतर पंपावर भार येतो आणि स्किमरपाशी (झोताचा मधला भाग पुढे सोडणाऱ्या शंकूपाशी) झोत विस्कटतो. हेलियम आयन पंपाला नीट खेचता येत नाही, तिथे टर्बो किंवा डिफ्यूजन पंपच लावा. मोजताना चॉपर (झोत ठरावीक वेळानं अडवणारी फिरती चकती) वापरा. झोत बंद असतानाचा साठलेला हेलियम वजा केल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

कोन लंबापासून मोजतात. हिशोब एका ओळीचा: बाहेर जाणाऱ्या कोनाचा साइन = आत येणाऱ्या कोनाचा साइन + शिखराचा क्रमांक × (तरंगलांबी ÷ अणूंच्या ओळींमधलं अंतर). स्फटिकाच्या ११० नावाच्या दिशेला हे अंतर २.८५ अँगस्ट्रॉम. ३०० केल्विन आणि ४५ अंश आपात (आत येणारा कोन) घेतला तर उणे एकचं शिखर ३०.६ अंशाला, अधिक एकचं ६४.९ ला, उणे दोनचं १८.१ ला. अधिक दोन अस्तित्वातच नाही, साइन १ च्या वर जातो. शिखर ३०.६ ऐवजी २५ च्या आसपास सापडलं तर स्फटिक १०० दिशेला बसलाय, ४५ अंश फिरवा. सरळ परावर्तन (आरशासारखं, आपाताच्याच कोनाला) जागेवर आहे पण बाजूची शिखरं गायब, तर दिशा एक-दोन अंशांनी चुकलीय आणि ती शिखरं शोधकाच्या प्रतलाबाहेर गेलीत.

सगळ्यात जास्त फसगत तीव्रतेत होते. शिखरांच्या जागा जाळीचं अंतर सांगतात, त्यांची उंची सांगते पृष्ठभागाचे चढउतार किती खोल आहेत ते. इथे ती खोली सुमारे ०.३ अँगस्ट्रॉम. कठीण, नागमोडी भिंतीच्या साध्या हिशोबात सरळ परावर्तन शून्य क्रमाच्या बेसेल फलनावर (लाटेसारखं वरखाली जाणारं गणिती फलन) चालतं, आणि वरच्याच परिस्थितीत त्यात घालायचा आकडा सुमारे २.४ येतो, म्हणजे नेमकं त्या फलनाचं पहिलं शून्य! पृष्ठभाग अणूला ओढतो त्या आकर्षणाची खोली (सुमारे ८ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट) धरली की आकडा सरकतो, पण शिखर लहानच राहतं. म्हणून सरळ परावर्तन बारीक दिसलं की पृष्ठभाग घाण आहे असं धरू नका. घाण असेल तर सगळी शिखरं एकत्र खाली येतात आणि पार्श्वभूमी वर चढते.

पृष्ठभागावरच्या पायऱ्या (एका थराच्या उंचीच्या कडा) तपासायच्या तर ७७ केल्विनला या. पायरी २.०१ अँगस्ट्रॉमची, ४५ अंशाला मार्गातला फरक २.८४. ३०० केल्विनला तो जवळजवळ बरोबर पाच तरंगांचा, त्यामुळे पायऱ्या असल्या तरी दिसत नाहीत. ७७ ला तो अडीच तरंगांचा होतो आणि शिखर रुंदावतं. पाहायचं ते रुंदीकडे.

कोन फिरवताना सरळ परावर्तनात अरुंद खाच आली तर ती बिघाड समजू नका. अणू काही काळ आकर्षणाच्या खड्ड्यात पृष्ठभागाला समांतर अडकून फिरतात, त्याची ती खूण. फ्रिश आणि श्टेर्न यांना १९३३ मध्ये अशाच खाचा दिसल्या होत्या. तिचा कोन टिपून ठेवा, त्यावरून बंध-पातळी (खड्ड्यात अडकलेल्या अणूची ऊर्जा) काढता येते. मोजलेली तीव्रता हिशोबाशी जुळवताना मात्र असे कोन वगळा.