वॉर्डातली धूळ: रस्त्याच्या कडेपासून विकास आराखड्यापर्यंत

हवा बिघडली की महापालिका आधी पाण्याची तोफ रस्त्यावर आणते. तोफ लोकांना दिसते, तिचा फोटोही छापून येतो. पण रस्ता वाळला की खाली बसलेली धूळ पुढच्या डंपरच्या चाकाबरोबर पुन्हा उठते. धूळ तयार होते ती जागाच बंद करायची तर रस्त्याची रचना, बांधकाम परवानगी आणि विकास आराखडा (शहरातली कुठली जागा कशासाठी राखायची याचा नकाशा) या तिन्ही ठिकाणी हात घालावा लागतो.

नागरिक संघ, नगरसेवक किंवा वॉर्डातला अभियंता यांपैकी कुणीही हे काम सुरू करू शकतो. एकदम सगळा वॉर्ड घेऊ नका. एक किलोमीटरचा असा रस्ता निवडा, जिथे एक मोठे बांधकाम चालू आहे आणि एक शाळा आहे.

आधी मोजणी

२००९च्या राष्ट्रीय मानकानुसार २४ तासांची मर्यादा पीएम १० (हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी १०० आणि पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जवळच्या सरकारी केंद्राचे दोन्ही आकडे शेजारी ठेवा. पीएम २.५ हे पीएम १० च्या निम्म्याहून बरेच कमी असेल तर मुख्य दुखणे धुळीचे असते. ते पीएम १० च्या जवळ जात असेल तर धूर शोधा: कचरा, लाकूड, कोळसा, डिझेल.

बाजारातल्या स्वस्त लेझर सेन्सरवर धुळीचा दावा उभा करू नका. ते जाड कण नीट पकडत नाहीत, त्यांचा पीएम १० चा आकडा बराचसा अंदाजाचा असतो, आणि दमट हवेत ते फुगवून दाखवतात. धुळीसाठी झाडू बरा. पाऊस पडून तीन-चार दिवस झाले असावेत. भल्या पहाटे, सफाई कामगार येण्याआधी, वाहतूक पोलीस किंवा वॉर्डन सोबत घेऊन रस्त्याच्या कडेला खडूने १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन आखा. मऊ ब्रशने त्यातली सगळी धूळ कागदी पिशवीत गोळा करा. स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत ती वाळवून ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा आणि खाली पडेल तेवढीच तोला. बांधकामाचे गेट, बुजवलेला चर, बसथांबा, सिग्नल आणि धड फरसबंदी असलेली कड, अशा पाच जागा घ्या. चालू मार्गिकेत मात्र उतरू नका. पाच वजने समोर आली की पैसा कुठे घालायचा यावर वाद घालावा लागत नाही.

रस्त्याची कड

डांबर संपते आणि पदपथ सुरू होतो त्यामध्ये दोन-तीन फूट माती उघडी राहते. धुळीचे कोठार ते हेच. बस थांब्याकडे वळते, दुचाकी कडेने घुसते आणि तिथली माती डांबरावर येते. म्हणून निविदेत काम ‘भिंतीपासून भिंतीपर्यंत’ लिहून घ्या: डांबर, पावसाळी गटार, कर्ब (पदपथाची उभी कड), पदपथ, मध्ये कुठेही उघडी पट्टी नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कर्ब १५० मिलिमीटरहून उंच नको. कर्ब त्याहून उंच झाला की माणसे पदपथ सोडून रस्त्यावरून चालतात.

हे करताना ठेकेदार झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले होते; तेच माप धरा. आळ्यातली माती पदपथापेक्षा पाच-सात सेंटिमीटर खाली ठेवा आणि वर पालापाचोळा पसरा. दुभाजकात तर हमखास चूक होते: माती कर्बच्या वर ढीग करून भरतात, आणि टँकरने पाणी घातले की चिखलाचा ओघळ थेट रस्त्यावर येतो. वाळल्यावर तीच धूळ होते. माती कर्बच्या माथ्यापासून किमान दहा सेंटिमीटर खाली हवी. या कामाला फावडे आणि एक दिवस पुरतो, निविदाही लागत नाही.

केबलचा चर बुजवताना १५ ते २० सेंटिमीटरचे थर देऊन प्रत्येक थर दाबला नाही तर तो खचतो, मग त्यात मुरूम टाकतात, आणि मुरमाचा महिन्याभरात भुगा होतो. राडारोडा त्याच दिवशी उचलणे ही निविदेत वेगळी बाब ठेवा, म्हणजे न उचलल्यास तेवढे बिल अडवता येते. यांत्रिक झाडू रात्री फिरवा, कारण कडेला गाड्या उभ्या असतील तर तो कर्बपर्यंत पोचतच नाही. आधी झाडायचे, मग पाणी मारायचे. उलट केले की नुसता राडा.

बांधकामाचे गेट

मुंबई महापालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी २७ मुद्द्यांचे नियम काढले. त्यात एक एकराहून मोठ्या भूखंडाला किंवा ७० मीटरहून उंच इमारतीला ३५ फुटी पत्रे, लहान भूखंडाला २५ फुटी, इमारतीला चहूबाजूंनी हिरवे कापड, ज्यूट किंवा ताडपत्री, माल चढवता-उतरवताना फवारणी, डंपर झाकणे, चाके धुणे आणि हवेचे सेन्सर या बाबी आहेत. इतर शहरांनी हेच बांधकाम परवानगीच्या अटींत घालावे. नुसते परिपत्रक निघाले तर त्यावर बोट ठेवून काम थांबवणे अवघड जाते.

तपासणीला गेलात तर पत्र्यांची उंची मागाहून मोजा. आधी गेटबाहेरचा रस्ता बघा. चाकांचे मातकट पट्टे रस्त्यावर दिसत असतील तर आतली धुलाई नावापुरती आहे. डंपरच्या चाकाचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास असतो, म्हणून दोन फेरे व्हायला धुलाईचा हौद सुमारे सात मीटर लांब लागतो. बहुतेक ठिकाणी दोन मीटरचा खड्डा असतो, त्यात चाकाचा एकच भाग भिजतो. हौदापासून गेटपर्यंतची जमीनही पक्की हवी, नाहीतर धुतलेले चाक पुन्हा मातीतूनच जाते.

नियम वापरले तर चालतात. डिसेंबर २०२४ अखेरीस बोरिवली पूर्व आणि भायखळ्यात बांधकामे थांबवली गेली होती.

विकास आराखडा

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात आणि कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते. त्याआधी कलम २५ चा विद्यमान भूवापर नकाशा तपासा. चालू असलेले मैदान त्यात ‘रिकामी जागा’ दाखवले असेल तर पुढची लढाई तिथेच हरलेली असते. एका अर्जात एकच मुद्दा घ्या: नगर भूमापन क्रमांक, आराखड्यात काय दाखवले आहे, काय हवे, कारण आणि नकाशाचा तुकडा. छापील नमुन्यावरच्या शेकडो सह्या सुनावणीत एकाच गठ्ठ्यात निघतात.

मागायचे काय? महामार्गालगत शाळेचे आरक्षण असेल तर ते आत हलवा. कॅलिफोर्नियाने २००३ च्या कायद्यात नव्या शाळेच्या जागेसाठी फ्रीवेपासून (वेगवान महामार्गापासून) सुमारे १५० मीटरची मर्यादा घातली आहे. इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीच्या साधारण पाऊणपट झाली की वारा छपरांवरूनच निघून जातो आणि धूर खाली अडकतो, म्हणून अशा रस्त्यावर सलग भिंतीसारख्या इमारती नकोत आणि वर फांद्या एकमेकींना भिडून छत होईल अशी झाडेही नकोत. तिथे रस्ता व पदपथाच्या मध्ये झुडपांचे दाट कुंपण लावा.

उद्यानांच्या आरक्षणांची तारीखवार यादी करा. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही तर कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना (जागा विकत घ्या अशी नोटीस) देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नववे वर्ष लागले की अंदाजपत्रकात तरतूद मागा. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवली जातात; दुभाजक, आळी अशी लहान कामे त्यात टाकता येतात.

पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तेच पाच चौकोन पुन्हा झाडा. हिवाळ्याचे वजन पावसाळ्यानंतरच्या पहिल्या आठवड्याशी लावून सुधारणा दाखवणारा अहवाल आला, तर तो परत पाठवा.