“आई, तो दादा एवढा काळा का?” लहान मुलांशी त्वचेच्या रंगाबद्दल कसं बोलावं

लोकलमध्ये, बसथांब्यावर, पुण्यातल्या एखाद्या दुकानात हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि तोही खणखणीत आवाजात. समोर शिकायला आलेला आफ्रिकेतला एखादा विद्यार्थी उभा असतो. आई ओशाळते, मुलाचा हात दाबते आणि म्हणते, “शू! असं बोलू नये.” मुलाने वाईट काहीच म्हटलेलं नसतं, जे दिसलं ते विचारलेलं असतं. पण त्या दटावण्यातून ते शिकतं, की काळं असणं ही चारचौघांत न बोलण्याची, लाजिरवाणी गोष्ट आहे.

मुलांना रंग दिसत नाहीत, असं आपण स्वतःला समजावत असतो. ते खरं नाही. चेहऱ्यांमधला फरक बाळ काही महिन्यांचं असतानाच टिपू लागतं, आणि तीन-चार वर्षांचं होईपर्यंत कोणत्या रंगाला मान आहे हेही त्याला समजू लागतं. अमेरिकेत १९४०च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडून बाकी सगळ्या बाबतीत एकसारख्या बाहुल्या ठेवल्या. छान बाहुली कोणती, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरी बाहुली उचलली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या कामाची दखल घेतली. आपल्याकडे ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली आणि तिच्या नावातला ‘फेअर’ २०२० मध्ये गेला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत आजचे आईबाबा लहानाचे मोठे झाले. म्हणून सुरुवात मुलापासून नाही, आपल्यापासून करायची.

पायरी १ : घरातली वाक्यं ऐका

काही दिवस नुसते कान उघडे ठेवा. “उन्हात खेळू नकोस, काळा होशील.” “डाळीचं पीठ लाव, उजळेल.” “सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे हो.” सुनेला दिवस गेले की केशर घातलेलं दूध, बाळ गोरं व्हावं म्हणून. ही सगळी वाक्यं मायेपोटीच येतात, पण मूल त्यातून हिशोब मांडत असतं.

वाक्य नुसतं बंद करू नका, दुसरं द्या. “उन्हात टोपी घाल, डोकं दुखेल.” “उटण्याचा वास किती छान येतो ना!” आजीला मुलासमोर टोकू नका. नंतर निवांत बसून सांगा, “आई, तिला हल्ली स्वतःच्या रंगाचं फार वाटायला लागलंय. तुमचा शब्द ती सगळ्यात जास्त मानते, तुम्हीच तिला सांगा ना ती छान दिसते म्हणून.” बहुतेक आज्या हे काम मनापासून करतात.

काळू, चिंकी, हबशी ही नावं मात्र घरातून पूर्ण हद्दपार करा, गमतीतसुद्धा नकोत. नाव ठेवण्यापासून सुरू झालेली गोष्ट कुठवर जाते, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याला त्याच्या दिसण्यावरून, केसांवरून चिडवलं गेलं. त्यातून मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. ईशान्येकडच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा अभ्यास करायला त्यानंतर केंद्र सरकारला समिती नेमावी लागली.

पायरी २ : प्रश्न आला की तिथेच, शांतपणे उत्तर द्या

“हो, त्या दादाची त्वचा गडद तपकिरी आहे. तुझी गव्हाळ आहे, बाबांची सावळी आहे.” एवढं पुरतं. समोरच्याने ऐकलं असेल तर त्याच्याकडे बघून हसा, नमस्कार करा. तो बोलला तर बोला. पण तिथेच मुलाला धडा द्यायला लागू नका, त्या माणसाला प्रवास करायचा आहे. त्याच्या कुरळ्या केसांना हात लावायचा नाही आणि फोटो मागायचा नाही, हे मुलाला आधीपासून सांगून ठेवा.

“अगं, आपण सगळे सारखेच असतो” हे उत्तर मला पटत नाही. मुलाला समोर फरक दिसतोय, आणि आपण तो नाही म्हणतोय. पुढच्या वेळी ते विचारणारच नाही. वेगळे दिसतो, आणि वेगळे असलो तरी कोणी वर किंवा खाली नाही, असं सांगणं जास्त खरं आहे.

पायरी ३ : कारण सांगा

आधी तुम्ही नीट समजून घ्या. त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते बनवणाऱ्या पेशींची संख्या जगभरच्या माणसांत साधारण सारखीच असते; त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन तयार करतात, यावर रंग ठरतो. विषुववृत्ताजवळच्या कडक उन्हात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांची त्वचा गडद राहिली, कारण मेलॅनिन अतिनील किरणांपासून वाचवतं. दूर उत्तरेकडे ऊन कमी असतं, तिथे फिकट त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होणं सोपं गेलं.

तीन वर्षांच्या मुलाला यातलं एकच वाक्य द्या, “आईबाबांकडून जसे डोळे मिळतात तसा रंगही मिळतो.” पाच-सहा वर्षांच्या मुलाला सांगता येतं, “आपल्या त्वचेत उन्हापासून जपणारा रंग असतो. कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी.” या वयात अनेक मुलांना वाटतं की काळा रंग म्हणजे मळ, आणि घासला की जातो. विचारलं नाही तरी सांगा, “तो आंघोळीने जात नाही. तुझाही जात नाही.”

पायरी ४ : रंगपेटी काढा

बालवाडीत “मला स्किन कलर दे” असं ऐकलं की मुलं फिकट गुलाबी-पिवळट खडू पुढे करतात. वर्गातल्या बहुतेक मुलांची त्वचा तशी नसतेच! अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने अशाच एका खडूचं नाव १९६२ मध्ये बदलून ‘पीच’ केलं. आपल्याकडे ‘स्किन कलर’ हा शब्द तोंडात अजून रुळलेला आहे.

घरी जलरंग घ्या. तपकिरीत थोडा पांढरा, थोडा पिवळा, कणभर लाल मिसळत जा आणि प्रत्येक वेळी ब्रशचा एक फटकारा मुलाच्या हाताशेजारी धरलेल्या कागदावर ओढा. जुळेपर्यंत करा. मग आईचा रंग, आजोबांचा, शेजारच्या काकूंचा. एका घरात किती छटा निघतात ते पाहून मोठ्यांनाही आश्चर्य वाटतं. त्या छटांना मुलालाच नावं देऊ द्या, आणि खडूला यापुढे घरात ‘पीच’ म्हणा.

पायरी ५ : आधी भावना सावरा, मग बोला

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण रडणाऱ्या किंवा चिडलेल्या मुलाला कोणतीच समजूत ऐकू जात नाही.

समजा मुलगी घरी येऊन म्हणाली, “मला खेळायला घेत नाहीत, मी काळी आहे म्हणून.” आपल्या तोंडून पटकन निघतं, “छे गं, तू कुठे काळी? गव्हाळ आहेस!” तिला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं हे वाक्य तिला हेच सांगतं, की काळं असणं खरंच वाईट. “लक्ष देऊ नकोस” म्हटलं तर ती एकटी पडते. “तूही त्याला जाड्या म्हण” हा उपाय तर मूळ दुखणंच वाढवतो.

तिच्या उंचीला या, खाली बसा. जवळ यायचं असेल तर घ्या, नसेल तर नुसते शेजारी थांबा. मग तिच्या मनात काय चाललंय त्याला नाव द्या: “खूप हिरमुसलीस ना? वाईट वाटलं, आणि रागही आला?” शरीरात कुठे वाटतंय ते विचारा. पोटात गोळा आलाय का, गळा दाटलाय का, कान गरम झालेत का? मुलं हे फार अचूक सांगतात. मग गरम खिचडीवर घालतो तशी लांब, सावकाश फुंकर तळहातावर घालायला सांगा, तुम्हीही तिच्याबरोबर घाला. श्वास सावकाश सोडला की छातीची धडधड मंदावते. रोज झोपताना खेळ म्हणून हे केलेलं असेल, तरच ते ऐन रागाच्या वेळी आठवतं.

ती शांत झाल्यावर सांगा, “तुझ्या रंगात काहीच चूक नाही. त्यांचं वागणं चुकलं.” मग एक वाक्य तोंडात बसवा: “मला असं म्हणू नकोस, माझं नाव घे.” बाहुल्यांबरोबर त्याची तालीम करा. आवाज मोठा, मान वर. ते म्हणूनही थांबले नाहीत तर तिथून निघून बाईंना सांगायचं, आणि त्याला चहाडी म्हणत नाहीत, हेही सांगा.

आता उलट बाजू. तुमच्याच मुलाने एखाद्या मुलीला “काळी” म्हटलं असं कळलं, तर आधी तुम्हाला राग येतो, शरम वाटते. चारचौघांत मारून, जबरदस्तीने ‘सॉरी’ म्हणायला लावून मूल फक्त लपवायला शिकतं. बाजूला घ्या. “काय झालं होतं? कशाचा राग आला?” कदाचित त्याचा झोक्यावरचा नंबर गेला होता. “राग येऊ दे. पण रंगावरून बोलायचं नाही, त्याने तिला खूप लागलं.” मग तिला बरं वाटण्यासाठी काय करता येईल, ते त्यालाच सुचवू द्या. झोक्याचा नंबर देणं, चित्र काढून देणं, काहीही चालेल, पण ते त्याने स्वतः करायचं.

आणि काही मुलं वेगळं दिसणाऱ्या माणसाला घाबरून पदराआड लपतात. हात मिळवायची सक्ती करू नका. “नवीन माणूस आहे, थोडं बिचकायला झालं, हो ना?” असं म्हणून तुम्ही स्वतः त्या माणसाशी हसून बोला. भीती कशी विरते ते त्याला तुमच्या चेहऱ्यावर दिसतं.

पायरी ६ : गोष्टी आणि माणसं आणा

यासाठी लांब जायला नको. ज्याच्या दर्शनाला लाखो माणसं पायी जातात तो पंढरीचा विठोबा काळाच आहे. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा कर्तबगार वजीर झाला. १६१० मध्ये त्याने वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. मुरूडला जंजिरा बघायला गेलात तर तो किल्ला राखणारे सिद्दी मूळचे आफ्रिकेतून आलेले होते, हे नावेतच सांगा. सिद्दी समाजाची माणसं आज कर्नाटकात उत्तर कन्नडमध्ये, गुजरातेत जांबूरला राहतात. कर्नाटकातले कित्येकजण घरी कोकणी बोलतात. काळं म्हणजे परदेशी, हा समज तिथेच गळून पडतो.

पण नुसत्या वीरांच्या गोष्टी पुरत नाहीत. शेजारी मणिपुरी कुटुंब असेल तर त्यांना चहाला बोलवा. मुलांची खरी ओळख एकत्र खेळण्यातून होते.

परदेशातल्या मराठी घरांत हे सगळं फिरून येतं. तिथे वर्गातलं दुसरं मूल तुमच्या लेकीला विचारतं, “तू तपकिरी का?” तिसरी पायरी तिला आधीच येत असेल, तर ती न बिचकता उत्तर देते. आणि आपल्याला दुखावणाऱ्या गोष्टी आपण तिथल्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांबद्दल जेवताना बोलत नाही ना, तेही तपासा.

पायरी ७ : शाळेशी बोला, गरज पडली तर मदत घ्या

गॅदरिंगची कामं वाटताना परी कोण होते आणि राक्षस कोण होतो, ते बघा. सावळ्या मुलांच्या वाट्याला दरवर्षी राक्षसच येत असेल, तर बाईंना भेटा. तक्रारीच्या सुरात नको, “यंदा परीसाठी चिठ्ठ्या टाकूया का?” असं विचारा. चेहऱ्याला पांढरी पावडर फासायची नाही, एवढं मात्र ठामपणे सांगा.

मूल स्वतःची त्वचा घासत असेल, आरसा टाळत असेल, शाळेचं नाव काढलं की पोट दुखत असेल आणि हे काही आठवडे चाललं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना दाखवा. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. छळ होत असेल तर चाइल्डलाइन १०९८ आहे. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी मुलाला गोरं करणारं क्रीम लावू नका. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, त्याने त्वचा पातळ होते. काहींत पारा सापडला आहे, आणि पारा मूत्रपिंडांना इजा करतो. आधीच लावत असाल तर ते स्टेरॉइडचं असू शकतं, म्हणून ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि कसं थांबवायचं ते त्यांना विचारा.