पायी जुनं ठाणं: स्टेशन ते तुरुंग

रविवारी सकाळी साडेसहाला निघा. नंतर जांभळी नाक्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. माझ्या भाचीला मी हाच रस्ता दाखवला.

सुरुवात स्टेशनपासून. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथे आली. शिवाजी पथाने सरळ कौपिनेश्वराला या. गाभाऱ्यातली पिंड इतकी मोठी आहे की भाची दारातच थबकली. दर्शन घेऊन मागच्या मासुंदा तलावाला वळसा घाला. काठावरचं सेंट जॉन चर्च पोर्तुगीज काळातलं.

तिथून टेंभी नाका. इथलं बेने इस्रायली ज्यू समाजाचं 'शार हाशमाईम' सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८७९ चं. या लोकांची मायबोली मराठीच, हे मुलांना आवर्जून सांगा. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा नि प्रार्थनेचा दिवस, तेव्हा बघ्यांनी आत जाऊ नये.

शेवटी मध्यवर्ती कारागृह. इथे मात्र घाई करू नका. हाच ठाण्याचा किल्ला. पोर्तुगिजांनी बांधायला घेतला, १७३७ ला मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांकडे गेला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून इथूनच निसटले. सांगतात की, एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करताना गाण्यातून निरोप पोचवायचा, आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं! फोटो काढू नका, समोरच्या फुटपाथवरूनच तटाचे काळे दगड बघा. भाची तिथे दहा मिनिटं खिडकी शोधत उभी होती.