यजमानपद आणि मसुदा: नाशिकमधील एका व्यापार परिषदेचा अनुभव

ताज्या द्राक्षांच्या व्यापारासंबंधी अकरा देशांच्या शिष्टमंडळांची तीन दिवसांची परिषद नाशिकला भरली, तेव्हा मी मसुदा कक्षात साहाय्यक होते. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करून मी नुकतीच गावी परतले होते. जागतिक व्यापार संघटनेचे करार अभ्यासले होते. परंतु वेगवेगळ्या हितसंबंधांची माणसे एका टेबलाभोवती बसवून त्या सर्वांकडून एकच कागद कसा मान्य करून घ्यायचा, हे मला त्या तीन दिवसांत पहिल्यांदा समजले. आपल्याकडचे वाणिज्य, विधी आणि परकीय भाषांचे अनेक विद्यार्थी आता या कामाकडे वळत आहेत, म्हणून मला जे उशिरा कळले ते त्यांच्यासाठी लिहीत आहे.

दोन पक्षांच्या वाटाघाटीत देवाणघेवाण समोरासमोर होते. बहुपक्षीय वाटाघाटीत मात्र निर्णय बहुधा एकमताने होतो, आणि एकमत या शब्दाचा तेथील अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार, निर्णयाच्या वेळी उपस्थित असलेल्या एकाही सदस्याने औपचारिक हरकत घेतली नाही, तर एकमत झाले असे मानतात. म्हणजे सर्वांनी आनंदाने होकार देण्याची आवश्यकता नसते, पण एकाचा ठाम नकारही सर्व काही थांबवू शकतो. त्यामुळे कोण हरकत घेईल, कशासाठी घेईल आणि कोणत्या शब्दबदलाने ती मागे घेईल, हे सभागृहात जाण्यापूर्वी जाणून घेणे हेच अध्यक्षांचे आणि त्यांच्या कक्षाचे मुख्य काम ठरते. आमच्या अध्यक्षांनी पहिल्या दिवशी उद्घाटनानंतर प्रत्येक शिष्टमंडळाला वीस वीस मिनिटे एकट्याने भेटण्यासाठी वेळ ठेवला होता आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता: "कोणते वाक्य मसुद्यात तसेच राहिले, तर तुम्हाला घरी जाऊन उत्तर देता येणार नाही?" त्या भेटींच्या टिपणांतूनच पहिला मसुदा तयार झाला.

विषयांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा असतो. २००३ साली मेक्सिकोतील कानकुन येथे जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद झाली, तेव्हा शेवटच्या टप्प्यात अध्यक्ष लुईस अर्नेस्तो देर्बेझ यांनी गुंतवणूक, स्पर्धा यांसारखे 'सिंगापूर मुद्दे' आधी चर्चेला घेतले. त्यांवर तोडगा निघेना, तेव्हा परिषद संपल्याचे त्यांनी जाहीर केले आणि बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली हे देश ज्याची वाट पाहत होते तो कापसाचा विषय तसाच राहिला. त्याउलट २०१३ च्या बाली परिषदेत ठरलेला दिवस उलटून गेला तरी चर्चा सुरू ठेवली गेली, आणि व्यापार सुलभीकरणाचा करार हाती आला. दोन्ही ठिकाणी अध्यक्षस्थानी यजमान देशाचेच मंत्री होते, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

यजमानाला दोन भूमिका कराव्या लागतात आणि सर्व अवघड प्रसंग त्यांच्या सरमिसळीतून उद्भवतात. आपल्याकडे कार्यघरचा माणूस शेवटच्या पंगतीला बसतो. वाटाघाटींतही यजमानाच्या स्वतःच्या मागणीचे तसेच असते. नाशिकमध्ये हे सोपे नव्हते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात गेलेले आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, आणि त्याचा घाव इथल्या बागायतदारांच्या मनातून गेलेला नाही. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नसते, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू होते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा झालेली अंशतपासणी सर्वांनी स्वीकारावी, अशी आपल्या शिष्टमंडळाची रास्त मागणी होती. परंतु ती मांडण्याचे काम इंग्रजी वर्णानुक्रमाने 'इंडिया' या नामफलकामागे बसलेल्यांचे होते. अध्यक्षांचे नव्हते आणि मसुदा कक्षाचे तर मुळीच नव्हते.

इथेच माझ्या हातून चूक झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुधारित मसुदा रात्री आठ वाजता सर्वांना एकाच वेळी द्यायचा असे ठरले होते. साडेसहाला आपल्या शिष्टमंडळातील एक ओळखीचे सदस्य कक्षात आले आणि आकडे तपासून देतो म्हणाले. मी त्यांना एक प्रत दिली. हेतू वाईट नव्हता, पण जेवणाच्या वेळी त्यांच्या बोलण्यातून एका आयातदार देशाच्या अधिकाऱ्यांना ही गोष्ट कळली. तिसऱ्या दिवशी सकाळी कामकाज सुरू होण्याआधीच त्यांनी बोलण्याची परवानगी मागण्यासाठी नामफलक उभा केला आणि विचारले की हा मसुदा अध्यक्षांचा आहे की भारताचा. सभागृहात एकदम शांतता पसरली. अध्यक्षांनी बैठक दोन तास थांबवली, प्रत्येक शिष्टमंडळाला पुन्हा भेटले, आणि तपासणीसंबंधीचा परिच्छेद, जो आदल्या दिवशी जवळजवळ मान्य झाला होता, पुन्हा पूर्णपणे चौकटी कंसात गेला. माझ्या एका प्रतीमुळे आपल्याच बागायतदारांच्या मागणीचे नुकसान झाले, याचे दुःख मला आजही आहे. तेव्हापासून मसुद्याची प्रत्येक आवृत्ती क्रमांक आणि वेळ घालून, सर्वांना एकाच क्षणी, आणि स्वतःच्या देशाला कधीही आधी नाही, या नियमाला मी अपवाद केलेला नाही.

चौकटी कंसाविषयी थोडे सांगायला हवे. ज्या शब्दांवर सहमती नसते ते कंसात ठेवतात. कंस निघाला म्हणजे तो शब्द मान्य झाला. आमच्या मसुद्यात सर्वाधिक वेळ एका क्रियापदावर गेला. इंग्रजीतील 'शॅल' आणि 'शूड' यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच आपल्या 'स्वीकारतील' आणि 'स्वीकारावेत' यांत आहे. पहिल्याने बंधन येते, दुसऱ्याने अपेक्षा व्यक्त होते. निर्यातदारांना पहिला शब्द हवा होता, आयातदारांना दुसरा. अखेरीस क्रियापद सौम्य ठेवून त्यापुढे 'न स्वीकारल्यास लेखी कारण ठराविक मुदतीत कळवावे' अशी पुरवणी जोडली गेली. कंटेनर बंदरात उभा असताना आठ दिवस कोणी काही कळवत नाही, ही शेतकऱ्याची खरी अडचण असते. त्यामुळे पहिल्या मागणीपेक्षा ही पुरवणीच अधिक उपयोगाची आहे असे माझे मत झाले. समोरचा शब्द सोडत नसेल, तर त्या शब्दामागची गरज शोधावी लागते.

दुभाष्यांकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. एकाच वेळी भाषांतर करणारे दुभाषे काचेच्या कक्षात जोडीने बसतात आणि साधारण अर्ध्या तासाने एकमेकांना सोडवतात, कारण त्या कामात मेंदू लवकर थकतो. त्यांना मसुदा आणि शब्दसूची काही दिवस आधी मिळालीच पाहिजे. आम्ही प्री-कूलिंग, पॅकहाउस, मणीगळ असे शब्द अर्थांसह पाठवले होते. तरीही रात्रीच्या जादा बैठकीसाठी दुसरी जोडी ठरवायची राहून गेली आणि स्पॅनिशभाषक शिष्टमंडळाने भाषांतराशिवाय चर्चा करण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे पूर्णपणे योग्य होते.

बागेची भेट बहुतेक आयोजक समारोपानंतर सहल म्हणून ठेवतात. आमच्याकडे ती दुसऱ्या दिवशी दुपारी होती, आणि ती जागा अगदी योग्य ठरली. काढणीचा हंगाम होता. दिंडोरी तालुक्यातील एका पॅकहाउसमध्ये आयातदार देशाच्या एका वनस्पती-आरोग्य अधिकाऱ्यांनी पेटी उचलली, तिच्यावरचा क्रमांक वाचला आणि हा माल ज्या प्लॉटमधला आहे तिथे न्या, असे सांगितले. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषिनिर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट प्रणालीत निर्यातीच्या बागांची नोंदणी असते, त्यामुळे बाग लगेच सापडली. बागायतदारांनी फवारणीची वही पुढे केली. ऑक्टोबर छाटणीपासूनची प्रत्येक फवारणी तारीख, औषध आणि मात्रा यांसह निळ्या शाईत लिहिलेली होती. ते अधिकारी वेलींखाली उभे राहून वीस मिनिटे पाने उलटत होते, मधूनमधून दुभाष्याला एखादा शब्द विचारत होते. तिसऱ्या दिवशी सकाळचा तो खोळंबा होऊनही, मालाचा माग काढण्यासंबंधीच्या परिच्छेदावरचा कंस काढण्याची सूचना त्यांनी स्वतःहून केली.

व्यवस्थेबाबत थोडक्यात सांगते. परदेशी प्रतिनिधींना कॉन्फरन्स व्हिसा लागतो आणि त्यासाठी परिषदेला सरकारी परवानगी आधी घ्यावी लागते. हे काम काही महिने अगोदर सुरू करावे. मुंबईहून रस्त्याने येणाऱ्यांसाठी कसारा घाटातील खोळंबा धरूनच वेळापत्रक आखावे. मुख्य सभागृहापेक्षा दोन लहान खोल्या अधिक मोलाच्या असतात, कारण खरी तडजोड तिथेच होते.

या क्षेत्रात प्रवेश बहुधा इतिवृत्तलेखक किंवा शिष्टमंडळ समन्वयक म्हणून मिळतो. त्यासाठी जागतिक व्यापार संघटनेच्या स्वच्छता व वनस्पती-आरोग्य समितीची इतिवृत्ते नियमित वाचावीत. कोणता देश कोणत्या उपायावर आक्षेप घेतो आणि तो कोणत्या भाषेत मांडतो, हे त्यांतून फार चांगले कळते. फ्रेंच किंवा स्पॅनिश यांपैकी एक भाषा कामापुरती यावी. इतिवृत्तात विशेषणे वापरू नयेत: कोण 'संतापले' हे लिहायचे नसते, त्यांनी कोणत्या परिच्छेदावर कोणता बदल सुचवला एवढेच लिहायचे असते.

शेवटच्या बैठकीत अध्यक्षांनी हरकत आहे काय असे विचारले आणि काही क्षण थांबले. एकही नामफलक उभा राहिला नाही. दोन मुद्दे पुढील बैठकीकडे पाठवून बाकीचा मसुदा संमत झाला. पाहुणे त्याच रात्री मुंबईकडे निघाले. आम्ही मात्र पुढचे दहा दिवस इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश प्रती शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहत होतो, आणि चौथ्या दिवशी 'कळवावे' या क्रियापदाच्या जागी स्पॅनिश प्रतीत 'कळवू शकतात' असे पडलेले आम्हाला सापडले. ते दुरुस्त करून अकराही शिष्टमंडळांना एकाच वेळी पाठवले.