वाटणीला बसायच्या आधी: आमच्या वहीतली यादी

गेल्या उन्हाळ्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, मला बांधावरून चालता येतंय तोवर जमिनीची वाटणी करून टाकू, आणि मी एक वही घेऊन काय काय लागेल ते लिहायला बसले. आमच्या सातारकडच्या गावात, आमच्याच भावकीत, आधी एक वाटणी तोंडी झाली होती, चार माणसं पारावर बसली, हाताने दाखवलं इथून तुझं तिथून माझं, विहिरीचं आणि वाटेचं कुणी बोललंच नाही, आणि त्यापायी दोन सख्ख्या भावांच्या घरांत अजून बोलणं नाही. एकराच्या आकड्यावरून फारशी भांडणं होत नाहीत, ती पाण्यावरून आणि वाटेवरून होतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. म्हणून ही यादी जरा सविस्तर लिहितेय, तुमच्या घरात हे घाटत असेल तर आपल्या हिशोबाने बघा.

कागदांपासून सुरुवात करा. सगळ्या गटांचे सातबारा, आठ-अ (एका खातेदाराची सगळी जमीन एकत्र दाखवणारा उतारा), आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी), हे तिन्ही काढा, नुसत्या सातबारावर भागत नाही. जुन्या उताऱ्यात नावापुढे एकुमॅ लिहिलेलं असलं तर थांबा, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, जमीन एकाच्या नावावर दिसते पण ती सगळ्या भावांची असते, अशा जमिनीत चुलत्यांचा हक्क निघू शकतो. भोगवटादार वर्ग 1 आहे का 2 ते बघा, वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही अशी जमीन असेल तर आधी तहसीलला विचारा. इतर हक्कात सोसायटीचा बोजा, कूळ, विहिरीतला हिस्सा असं काय काय चढलंय ते वाचा. आमच्या उताऱ्यावर फिटलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिला होता, दाखला देऊन तो कमी करायलाच दोन महिने गेले, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी धरा. पोटखराब किती ते पण बघा, क्षेत्रात दिसतं पण नांगराखाली येत नाही.

मग वडिलोपार्जित कोणतं आणि स्वकमाईचं कोणतं हे वेगळं करा, कारण दोन्हींचा हिशोब वेगळा असतो. आमचं एकूण 7 एकर 20 गुंठे, त्यातलं 5 एकर आजोबांपासून आलेलं आणि अडीच एकर माळ आप्पांनी दूध घालून घालून स्वतः विकत घेतलेला. वकील म्हणाले तुमच्या पाच एकरात पाच वाटे धरा, आप्पा, आई, दादा, मी आणि धाकटा. आई कशी काय, असं पारावर एकाने विचारलंच. पण मुलांमध्ये वाटणी होते तेव्हा आईलाही मुलाएवढा वाटा मिळतो, आपल्याकडे हे कायद्याने आहे, फक्त कुणी मागत नाही म्हणून दिला जात नाही.

मुलींचं पण स्पष्टच लिहिते. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी मुलासारखीच जन्मापासून हिस्सेदार झाली, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं की दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असायची पण अट नाही. तरी वाटणीचा विषय निघाला की बहिणीला पहिला फोन येतो तो हक्कसोडपत्राच्या सहीसाठी, आधार कार्ड घेऊन ये ताई. मला पण आला होता. मी दादाला सांगितलं, मी येते, पण आधी माझा वाटा धरून कागद करा, मग द्यायचं का नाही ते मी ठरवीन. दादा दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यानेच वकिलांना फोन लावला. बहिणीला सोडायचं असेल तर तिने सोडावं, पण तिला वाटणीच्या बैठकीत बसवून, वाचून दाखवून, नुसतं सहीच्या दिवशी बोलवून नाही.

आता गुंठ्यांचा हिशोब, इथे आमची पहिली आखणी मोडली. पाच एकरातलं 120 गुंठे विहिरीखालचं काळं रान आणि 80 गुंठे वरचं मुरमाड. सगळ्यांना दोन्हीकडे सारखं द्यायचं म्हणून पाचाने भागलं, काळं 24-24 आणि मुरमाड 16-16, आणि तिथेच तुकडेबंदी आडवी आली. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं कमीत कमी प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे आणि बागायतीचं 10 गुंठे आहे, त्याच्या खालचा तुकडा पाडता येत नाही, म्हणजे काळ्याचं जमलं पण 16 गुंठ्याचं मुरमाड बसेना. शेवटी आप्पांनी मुरमाडातलं आपलं सोळा गुंठे सोडलं, म्हणाले मला माळ आहे की, आणि बाकी चौघांना 20-20 झालं. तुमच्याकडे असंच अडलं तर तुकडे करत बसू नका, एकाने वरचं घ्यावं दुसऱ्याने खालचं, आणि फरक झाडात, जनावरात नाहीतर पैशात भरून काढावा.

पाण्याला वहीत चार पानं गेली. विहीर आप्पा आणि दोन चुलत्यांची, जुन्या कागदात आप्पांचा हिस्सा पाच आणे चार पै, म्हणजे रुपयातला तिसरा भाग. तो आता पाच जणांत कसा वापरायचा? आम्ही आण्यात न लिहिता पाळीत लिहिलं. पण नुसती वारं वाटून चालत नाही कारण शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा येते काही दिवस रात्री, एकाच्याच वाट्याला सारखी रात्रपाळी आली की तो कितीही चांगला असू दे वैतागणारच, म्हणून दर आठवड्याला पाळी पुढे सरकते असं लिहिलं. मोटर कुणाची, जळाली तर खर्च कसा, वीजबिलाचं कनेक्शन कुणाच्या नावावर, पाईपलाईन कुणाच्या रानातून जाते आणि फुटली तर खणायला आडकाठी करायची नाही, गाळ काढायचा खर्च कसा विभागायचा, उद्या कुणाला बोअर मारायचं असेल तर विहिरीपासून किती लांब, हे सगळं लिहा. त्या दिवशी हे वाचताना वहिनी म्हणाल्या एवढं बारीक कशाला, पण पहिल्याच उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तेव्हा सगळ्यात आधी त्यांनीच वही काढली.

वाट. रस्त्याला लागून ज्याचं रान आहे त्याला वाटेचं काही वाटत नाही, आतल्याचा जीव टांगणीला असतो. आम्ही बारा फूट लिहिली, कारण उसाचा ट्रॅक्टर-ट्रॉली भरून निघाली पाहिजे, पूर्वीच्या बैलगाडीच्या मापाची वाट आता पुरत नाही. वाट कुठून कुठे जाते, बांधाच्या कोणत्या अंगाने, आणि तिच्यात जाणारं क्षेत्र कुणाचं किती, हे वाटणीपत्रात आणि नकाशात दोन्हीकडे पाहिजे. नंतर तहसीलदाराकडे रस्ता मागता येतो, पण तोवर एक सीझनचा ऊस वाळतो.

वाटे पाडायच्या आधी मोजणी करून घ्या, भूमी अभिलेखला अर्ज देऊन, आणि हद्दीचे दगड सगळ्यांच्या समोर रोवा, मोजणीची क प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, सगळ्यांना एकेक द्या. वाटे पाडायचे थोरल्याने आणि उचलायचे धाकट्यापासून, ही आमच्याकडची जुनी रीत, आम्ही तीच ठेवली, त्यामुळे दादाने वाटे पाडताना चार वेळा रानात चक्कर मारली.

घराचं सातबारावर सापडणार नाही, त्याला ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा किंवा मिळकत पत्रिका लागते. ट्रॅक्टरचं आरसी, कारखान्याचे शेअर, सोसायटीचं सभासदत्व, डेअरीचं खातं, हे लवकर उरकतं पण विसरू नका. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार प्रत्येकाला वेगळे मिळतील म्हणून घाईने वाटणी करू नका, 1 फेब्रुवारी 2019 नंतर वारसा सोडून दुसऱ्या मार्गाने जमीन नावावर आली तर त्या योजनेत बसत नाही. बैलजोडी फोडू नये असं माझं मत आहे, आमची धाकट्याकडे गेली आणि दादाला गाय आणि कडब्याची गंज. बांधावरचा हापूस कुणाचा ते पण लिहा, सावली एकाच्या रानात आणि फळं दुसऱ्याची असं होतं. सोनं आईचं, त्याला कुणी हात लावायचा नाही, ती देईल तेव्हा देईल. देव्हाऱ्यातले टाक दादाकडे, पण जेजुरीची वारी आणि कुलाचाराचा खर्च तिघांत.

आप्पांनी एक गोष्ट आपणहून केली, सगळं सोडलं नाही. स्वतःचा वाटा आणि तो अडीच एकर माळ त्यांच्याच नावावर आहे, आईचा वाटा आईच्या नावावर, माळासाठी मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदार ज्यांना त्यात काही मिळत नाही असे, आणि त्याच दिवशीचा डॉक्टरचा दाखला. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही पण आम्ही केली. आणि कुणी आईवडील बक्षीसपत्राने हयातीतच सगळं देणार असतील तर त्यात आमचा सांभाळ करायचा ही अट लिहून घ्या, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 मध्ये अट मोडली तर ते रद्द करून घेता येतं. दोन महिने याच्याकडे दोन महिने त्याच्याकडे अशी म्हाताऱ्यांची वाटणी मात्र करू नका हो, आमचे आईआप्पा जुन्या घरातच राहतात आणि पिठाचं, औषधाचं कुणी बघायचं ते वहीच्या शेवटच्या पानावर आहे.

नोंदीला दोन मार्ग, सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे एकत्र अर्ज, नाहीतर रजिस्टर वाटणीपत्र. मे 2025 मध्ये मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णय घेतलाय, तेव्हा खर्चाला भिऊन तोंडी करू नका. फेरफार धरला की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, त्यात गावाला जाऊन बसा. नवीन सातबारा निघाला की क्षेत्र, गट आणि नावाची अक्षरं नीट वाचा, आमच्याकडे आईच्या नावात एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त करून आणली, आणि आईने चष्मा लावून स्वतःचं नाव उताऱ्यावर पहिल्यांदाच वाचलं.